शाळेचं वजन कशाने करायचं?

कुस्तीत हा प्रश्न काट्यावर सुटतो. मल्ल उभा राहिला, आकडा दिसला, गट ठरला. ५७ किलोवाल्याला ९७ किलोवाल्यासमोर कुणी उभं करत नाही. पण वजन एखाद्या शाळेचं करायचं असेल तर? अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलमध्ये हा वाद कित्येक दशकं चालू आहे. त्यावरून मुख्याध्यापकांनी वर्षानुवर्षं मतदान केलंय, एका राज्यात प्लेऑफची, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांची, दोन शकलं झाली, आणि एक शाळा तर ‘आम्हाला वरच्या गटात ढकलू नका’ म्हणत थेट कोर्टात गेली.

ज्यांची भाचरं-पुतणे ओहायोत, टेक्ससमध्ये शिकतात त्यांच्या कानांवर याचे तुकडे पडलेले असतात. ‘आमची शाळा सिक्स-ए आहे’, ‘खासगीवाल्यांना मल्टिप्लायर लावायलाच हवा’, असलं काहीतरी. पोरगं स्वतः खेळत नसेल, नुसतं शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत असेल, तरी शुक्रवारची रात्र स्टेडियममध्येच जाते. त्या तुकड्यांची जोडणी करून बघू.

आधी खेळ. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट-पॅड घालून, लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळण्याचा अमेरिकन फुटबॉल. मैदानावर एका वेळी अकराच खेळाडू, पण खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. त्यामुळे मोठी शाळा चढाईचे अकरा वेगळे ठेवते, बचावाचे अकरा वेगळे, आणि चेंडूला लाथ मारायच्या वेळी तिसराच ताफा आत येतो. लहान शाळेकडे एवढी मुलं नसतात. तिथे तोच पोरगा चढाईतही असतो आणि बचावातही. पूर्ण सामनाभर त्याला बसायला मिळत नाही. पहिले दोन क्वार्टर तो पुरून उरतो. चौथ्या क्वार्टरला समोरून ताज्या दमाचा, कदाचित त्याच्याहून तीस किलोने जड मुलगा येतो. बास्केटबॉलमध्ये पाच चांगली मुलं मिळाली की लहान शाळाही मोठीला गार करू शकते. इथे तसं क्वचित होतं, आणि दुखापतीची भीती खरी असते. म्हणून फुटबॉलमध्ये गटवारीचा प्रश्न इतर खेळांपेक्षा जास्त पेटतो.

दुसरी गोष्ट, या खेळाला देशपातळीवरची शालेय अजिंक्यपद स्पर्धा नाही. प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना वेगळी, नियम वेगळे, विजेते वेगळे. देशभरात साधारण दहा लाख मुलं शाळेसाठी फुटबॉल खेळतात आणि त्यांना कुणाशी भिडवायचं हे प्रत्येक राज्य आपापल्या अकलेने ठरवतं.

बहुतेक राज्यांनी सुरुवात केली ती सगळ्यात सोप्या काट्यापासून: पटसंख्या. ज्या शाळेच्या पटावर जास्त मुलं, ती वरच्या गटात.

याचा सगळ्यात भव्य नमुना टेक्ससमध्ये बघायला मिळतो. तिथल्या सरकारी शाळांच्या स्पर्धा १९१० साली स्थापन झालेली यूआयएल ही संस्था चालवते. ती पटानुसार शाळांचे सहा वर्ग करते, १ए ते ६ए. दर दोन वर्षांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पट मोजला जातो, आणि पुढच्या फेब्रुवारीत नवी गटवारी जाहीर होते. आपल्याकडे पटपडताळणी म्हटलं की मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा येतो, तिथे कोचच्या येतो. सीमारेषेवरच्या शाळेसाठी चार-पाच मुलांचा फरक म्हणजे पुढची दोन वर्षं कुणाशी खेळायचं आणि किती मैल बस हाकायची याचा निकाल.

तळाच्या १ए वर्गात पट १०५ च्या आत असलेल्या शाळा अकराऐवजी सहा जणांचा फुटबॉल खेळू शकतात. हा प्रकार १९३४ मध्ये नेब्रास्का राज्यात स्टीफन एप्लर या शिक्षकाने बसवला. मंदीच्या काळात लहान शाळांना अकरा मुलं जमवणंही जड जात होतं. मैदान १०० ऐवजी ८० यार्डांचं, सहाच्या सहा जणांना पास झेलण्याची मुभा, आणि मध्यंतराला किंवा त्यानंतर एखाद्या संघाची आघाडी ४५ गुणांची झाली की सामना तिथेच संपतो. तो शेवटचा नियम मला फार आवडतो. हरणाऱ्याचीही थोडी लाज राखतो.

वरच्या टोकाला मात्र पट हा काटा लटपटायला लागतो. ६ए मध्ये यायला साधारण सव्वादोन हजार मुलं लागतात, पण वरची मर्यादा नाही. डॅलसजवळच्या ॲलन हायस्कूलचा पट पाच हजारांच्या पुढे. याच शाळेने २०१२ मध्ये ६ कोटी डॉलरचं, १८ हजार आसनांचं स्टेडियम उघडलं, आणि दोन वर्षांतच काँक्रीटला भेगा पडल्याने ते बंद ठेवावं लागलं. ते जाऊ दे. मुद्दा असा, की सव्वादोन हजार आणि पाच हजार एकाच गटात. त्यावर यूआयएलने तोडगा काढला: प्रत्येक विभागातून चार संघ प्लेऑफला जातात, त्यांतल्या जास्त पटाच्या दोन शाळा डिव्हिजन एकमध्ये, कमी पटाच्या दोन डिव्हिजन दोनमध्ये. खालच्या वर्गांचेही असे दोन-दोन भाग आहेत. म्हणून टेक्ससमध्ये दर डिसेंबरला एक नव्हे, बारा राज्यविजेते असतात.

कुस्तीगीर वजन देण्याआधी वजन उतरवतात, तसं शाळांनाही करता येतं का? येतं. डॅलसच्या उत्तरेचं फ्रिस्को, जिथे आता मराठी घरांची चांगलीच गर्दी आहे, तिथल्या शिक्षण विभागाने ठरवूनच हायस्कुलं लहान ठेवली. एकेक शाळा साधारण २,१०० मुलांपर्यंत, वाढली की नवी शाळा. अशी बारा हायस्कुलं झाली. त्यांचं म्हणणं सरळ आहे: जास्त शाळा म्हणजे जास्त संघ, जास्त बँड, जास्त मुलांना संधी. शेजारच्या अवाढव्य शाळांचे पाठीराखे मात्र बोट दाखवतात की त्यामुळे फ्रिस्कोच्या शाळा ६ए च्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

इथवर सगळा वाद संख्येचा होता. खरं भांडण पुढे आहे, कारण पटसंख्या सांगते मुलं किती आहेत. ती कुठून आली हे सांगत नाही.

अमेरिकेत सरकारी शाळा बहुधा घराच्या पत्त्यावर ठरते. या रस्त्याच्या अलीकडे राहत असाल तर ही शाळा, पलीकडे असाल तर ती. म्हणजे सरकारी शाळेच्या कोचला वाट्याला येतील ती मुलं घ्यावी लागतात. खासगी शाळेला, बहुतेक ठिकाणी कॅथलिक शाळेला, अशी हद्द नसते. साठ-सत्तर किलोमीटरच्या टापूतून मुलं येऊ शकतात. पट ६०० असेल, पण ती ६०० मुलं अख्ख्या महानगरातून आलेली असतात. खेळासाठी मुलं ओढून आणायला राज्य संघटनांची बंदी असते, पण नावाजलेल्या संघाला ओढून आणावं लागतच नाही, पालकच दार ठोठावतात. ओहायोत सिनसिनाटीच्या मोलर या कॅथलिक शाळेने १९७५ ते १९८० या सहा मोसमांत पाच राज्यविजेतेपदं मिळवली, तेव्हापासून तिथल्या सरकारी शाळावाल्यांच्या मनात ही अढी बसलेली आहे.

यावर पहिला उपाय निघाला तो गुणकाचा, म्हणजेच त्या मल्टिप्लायरचा. इलिनॉय राज्याने २००५ पासून हद्द नसलेल्या शाळांचा पट १.६५ ने गुणायला सुरुवात केली. पट ६०० असेल तर धरायचा ९९०. हिशेब सोपा, आणि तोच त्याचा दोष. वर्षानुवर्षं ट्रॉफ्या नेणारी खासगी शाळा आणि दरवर्षी पहिल्याच फेरीत मार खाणारी छोटी धार्मिक शाळा, दोघींना एकच गुणक. सगळ्याच भाविकांच्या पिशव्यांत दोन-दोन विटा टाकायच्या, कारण त्यांतला एक जण जोरात चालतो! इलिनॉयने पुढे कमजोर शाळांना गुणकातून सूट दिली आणि नंतर यशाचा निकषही आणला. म्हणजे मूळ उपायाला ठिगळं लावत बसावं लागलं.

इलिनॉयची आणखी एक गंमत. तिथे बरीच वर्षं अशी रीत होती की आधी साखळी सामन्यांच्या कामगिरीवर राज्यभरातले २५६ संघ निवडायचे, मग त्यांना पटाच्या क्रमाने लावून ३२-३२ चे आठ गट पाडायचे. म्हणजे मोसम संपला तरी आपण कोणत्या गटात हे सीमेवरच्या शाळेला ठाऊक नसायचं. आपला पट तोच, पण या वर्षी कोण कोण पात्र ठरलं यावर आपला वर्ग ठरणार.

लुइझियानाने गुणकाच्या भानगडीत न पडता २०१३ मध्ये मतदान घेऊन वाटणीच करून टाकली. मुलं निवडून घेऊ शकणाऱ्या शाळांचे प्लेऑफ वेगळे, बाकीच्यांचे वेगळे. भावकीत वाटणी झाली की भांडण मिटतं असं म्हणतात, पण मग बांध कुठे घालायचा यावर भांडण सुरू होतं. तिथेही ‘निवड करणारी शाळा’ कोणाला म्हणायचं याची व्याख्या नंतर रुंदावली, आणि काही सरकारी शाळा रातोरात बांधाच्या पलीकडे गेल्या.

माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न ओहायोचा. तिथे २०११ मध्ये मुख्याध्यापकांसमोर जो प्रस्ताव आला त्यात तीन गोष्टी होत्या: शाळेला हद्द आहे का, मुलांच्या घरची गरिबी किती, आणि शाळेची जिंकण्याची परंपरा. तो थोडक्या मतांनी पडला. २०१२ मध्ये पुन्हा पडला, २०१३ मध्ये पुन्हा. शेवटी २०१४ मध्ये वेगळा प्रस्ताव मंजूर झाला आणि २०१७-१८ च्या शैक्षणिक वर्षापासून लागू झाला.

या नव्या पद्धतीत ‘सरकारी की खासगी’ असं विचारतच नाहीत. गेल्या मोसमाच्या संघातला एकेक मुलगा घ्यायचा आणि बघायचं, याचे पालक कुठे राहतात आणि हा सातवीपासून कुठे शिकला. शाळेच्या हद्दीतला मुलगा असेल तर भार शून्य. हद्दीबाहेरचा, पण सातवीपासून याच शाळासमूहात असेल तर थोडा भार. नंतर बाहेरून येऊन दाखल झालेला असेल तर त्याहून जास्त. खासगी शाळांनाही साधारण याच धर्तीचे निकष, हद्दीच्या जागी त्यांच्याशी जोडलेल्या खालच्या शाळा. हे सगळे भार शाळेतल्या मुलग्यांच्या पटात मिळवायचे. ओहायो फुटबॉलसाठी फक्त मुलग्यांचा पट धरते. मग येणारा आकडा पाहून सात डिव्हिजनपैकी एक ठरायची. यात शिक्षा कुणालाच नाही. बाहेरची मुलं जितकी घ्याल तितकं तुमचं वजन वाढेल, एवढंच. तोटा कागदपत्रांचा. शाळेच्या कचेरीत कुणीतरी एकेका खेळाडूचा पत्ता आणि शाळा सोडल्याचे दाखले तपासत बसतं.

ओहायोची प्लेऑफ प्रवेशाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. तिथे हार्बिन गुण नावाची मोजणी आहे. तुम्ही जिंकलात की गुण मिळतात. शिवाय तुम्ही ज्यांना हरवलं त्यांनी इतर कुणाला हरवलं की त्याचेही गुण तुमच्या खात्यात. म्हणजे शुक्रवारी ज्या संघाला लोळवलं, पुढच्या शुक्रवारपासून त्याच संघासाठी देव पाण्यात ठेवायचे! दुबळ्या संघांना ठोकून फुगवलेली विजयांची रास इथे फार कामाला येत नाही.

ओहायोत राज्यपातळीचे प्लेऑफ १९७२ मध्ये सुरू झाले. त्याआधी वार्ताहरांच्या क्रमवारीवर विजेता ठरायचा, आणि त्या काळचं सगळ्यात मोठं नाव मॅसिलॉन. सरकारी शाळा, पोलादाचं गाव, सोळा हजारांच्या वर माणसं बसतील असं स्टेडियम. गावात मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची पद्धत. या मॅसिलॉनला प्लेऑफचं विजेतेपद मिळायला २०२३ उजाडलं. अंतिम सामना ॲक्रनच्या आर्चबिशप होबन या कॅथलिक शाळेशी, निकाल ७-२. एक टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेणं, आणि बाकी नुसता बचाव. गुणतक्त्यापेक्षा असे सामने जास्त लक्षात राहतात.

इंडियानाने वेगळाच काटा निवडला: यश. त्या राज्याच्या मनात एक जुनी जखम आहे, ती आधी सांगतो, फुटबॉलची नसली तरी. १९५४ मध्ये १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन गावच्या शाळेने बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात बलाढ्य मन्सी सेंट्रलला ३२-३० असं हरवलं. तेव्हा गट नव्हते, सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत. बॉबी प्लम्पची ती शेवटची बास्केट तिथली म्हातारी माणसं आजही रंगवून सांगतात. १९९७-९८ पासून बास्केटबॉलमध्येही गट आले, आणि ‘आता मायलन पुन्हा होणे नाही’ ही हळहळ अजून ऐकू येते.

तर यशाचा निकष असा: प्लेऑफमध्ये जितकं पुढे जाल तितके गुण, राज्यविजेत्याला ४. दोन वर्षांत ६ झाले की पट काहीही असो, पुढचा मुक्काम वरच्या वर्गात. खासगी-सरकारी भेद नाही. ऐकायला रास्त वाटतं. पण शाळेत मुलं चारच वर्षं असतात. ज्या मुलांनी ते गुण कमावले ती पदवीदान घेऊन निघून गेलेली असतात, आणि वरच्या वर्गात मार खायला येतात त्यांची धाकटी भावंडं. कुस्तीत थोरल्याने गदा आणली म्हणून धाकट्याला वरच्या गटात लढवत नाहीत.

हे दुखणं खऱ्या अर्थाने चव्हाट्यावर आलं ते पेनसिल्व्हेनियातल्या ॲलिक्विपा गावात. पिट्सबर्गच्या वायव्येला, ओहायो नदीच्या काठचं गाव. जोन्स अँड लॉफलिन कंपनीच्या पोलाद कारखान्यावर उभं राहिलेलं. १९३० मध्ये वस्ती २७ हजार. १९८० च्या दशकात कारखाना बसला, आणि आता गावात ९ हजारांच्या आसपास माणसं उरलीत. गिरण्या बंद झाल्यावर गिरणगावाचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. पण फुटबॉल टिकला. माइक डिट्का, टाय लॉ, डॅरेल रेव्हिस हे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, आणि तिघेही या एका शाळेचे.

पट बघितला तर ॲलिक्विपा सगळ्यात खालच्या १ए वर्गातली. स्वखुशीने ती वरच्या वर्गांत खेळत आली. २०१८ मध्ये राज्य संघटनेने नवा नियम आणला: दोन वर्षांत यशाचे ६ गुण, आणि सोबत संघात शाळा बदलून आलेले तीन किंवा जास्त खेळाडू असतील तर एक वर्ग वर. राज्यविजेत्याला ४ गुण, उपविजेत्याला ३. ॲलिक्विपा आधी अशीच ४ए पर्यंत ढकलली गेली. तिथेही २०२१ ला विजेती, २०२२ ला उपविजेती, २०२३ ला पुन्हा विजेती. हिशेबाने आता पाळी ५ए ची. म्हणजे पटाने आपल्यापेक्षा चार वर्ग वर असलेल्या शाळांशी सामने.

इथे शाळा कोर्टात गेली. तिचं म्हणणं मुख्यतः सुरक्षिततेचं होतं: आमची मुलं मोजकी, तीच दोन्ही बाजूंना खेळतात, दुप्पट-तिप्पट आकाराच्या ताफ्यांसमोर त्यांना उभं करणं धोक्याचं आहे. २०२४ मध्ये कोर्टाने मनाई हुकूम दिला आणि ॲलिक्विपा त्या मोसमात ४ए मध्येच राहिली. गंमत बघा. हा नियम लोकांच्या मनात होता तो खासगी शाळांसाठी. पण पेनसिल्व्हेनियात १९७२ पासूनच्या कायद्यामुळे खासगी आणि सरकारी शाळा एकाच संघटनेत खेळतात, त्यामुळे नियम सगळ्यांना सारखा लावावा लागला, आणि तो जाऊन आदळला तो राज्यातल्या एका गरीब सरकारी शाळेवर. शिवाय शाळा बदलणं म्हणजे पळवापळवीच असं कुणी ठरवलं? भाडं परवडेना म्हणून घर बदलणाऱ्या, आईकडून आजीकडे राहायला जाणाऱ्या घरांतली मुलं शाळा बदलतातच. नियमाच्या रकान्यात दोघांचीही नोंद एकच.

गरिबी उलट बाजूने मोजणारंही राज्य आहे. मिनेसोटात शाळेच्या पटातून, सरकारी सवलतीचं जेवण घेण्यास पात्र असलेल्या मुलांच्या ४० टक्क्यांइतका आकडा वजा करतात. कारण साधं: उन्हाळ्यात शिबिरं, व्यायामशाळा, खासगी कोच हे ज्यांना परवडतं त्यांचीच मुलं संघात जास्त येतात. काम करून घराला हातभार लावणाऱ्या मुलाचं नाव पटावर असतं, पण तो संध्याकाळी मैदानावर नसतो.

आणि मग कॅलिफोर्निया. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या साडेपाचशेहून अधिक शाळांच्या सदर्न सेक्शनने पट हा काटाच भंगारात काढला. आता तिथे साखळी सामने संपल्यावर संगणकाच्या मानांकनावरून त्या वर्षीच्या ताकदीप्रमाणे डिव्हिजन ठरतात. सगळ्यात बलवान मोजके संघ डिव्हिजन एकमध्ये, त्याखालचे दोनमध्ये, असं उतरत. सामने चुरशीचे होतात यात शंका नाही. २०१६ ते २०२४ या काळात डिव्हिजन एकचं विजेतेपद मेटर डेई आणि सेंट जॉन बॉस्को या दोनच कॅथलिक शाळांनी आलटून-पालटून नेलं, पण निदान इतरांना त्यांच्या तावडीत सापडावं लागलं नाही. पण या पद्धतीत साखळीत निम्मे सामने हरलेला संघ खालच्या डिव्हिजनची ट्रॉफी उंचावू शकतो, आणि मोसमाअखेर एखादा मोठा विजय मिळाला की मानांकन वाढून वरच्या डिव्हिजनमध्ये पहिल्याच फेरीत गारद व्हायची पाळी येते. तीन हजार पटाची शाळा आणि चारशे पटाची शाळा एकाच गटात, कारण दोघी सारख्याच साधारण. विजेता म्हणजे नक्की कशातला विजेता, हे पोस्टरवर लिहिताना शाळेलाही जरा विचार करावा लागत असेल.

टेक्ससला हे सगळं पटत नाही. यूआयएलमध्ये बहुतांशी सरकारी शाळाच. डॅलसची जेझुइट आणि ह्यूस्टनची स्ट्रेक जेझुइट या दोन कॅथलिक शाळा तेवढ्या अपवाद. बाकी खासगी शाळांची स्पर्धा वेगळी. म्हणून तिथे अजून पटच चालतो. विषम वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेच्या कचेरीत तो आकडा पक्का होतो, आणि त्याच संध्याकाळी बँड रांगेत उभा राहतो, दिवे लागतात, आणि ज्या मुलांची दुपारी मोजणी झाली ती हेल्मेट चढवून मैदानात उतरतात. त्यांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना तो आकडा कधीच लागू होणार नसतो.